लुंपिनीच्या फाटकावरची कणीसवाली मावशी

आधी मावशीचं सांगते, मग काय झालं ते.

बँकॉकमध्ये लुंपिनी नावाची एक मोठी बाग आहे. तिच्या फाटकाबाहेर एक बाई मक्याची कणसं भाजून विकते. साठी उलटलेली, डोक्यावर वेताची टोपी, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक वळून बघतं. माझी लेक तिला 'पा' म्हणते. इकडच्या भाषेत पा म्हणजे आईपेक्षा मोठी मावशी, म्हणून मीही मावशीच म्हणते. मी, माझी लेक आणि आमचे मालक आज एका घरात राहतो ते या मावशीमुळं. ती नसती तर आम्ही मायलेकी केव्हाच इंदुरीला सासूबाईंच्या पुढ्यात बसून शेंगा फोडत असतो आणि मालक इथं चौदाव्या मजल्यावर एकटे उकडलेली अंडी खात असते.

मी मावळातली. माहेर वडिवळे, सासर इंदुरी. शाळा आठवीपर्यंत. पुढं का शिकले नाही, त्याचा दोष कुणाला देत नाही. शाळा कामशेतला, आणि आईला गाडीवर हात हवा होता. गाडी म्हणजे कणसाची. लोणावळ्याच्या वर पॉइंटला जाताना जे वळण लागतं तिथं शनिवार-रविवार आम्ही मायलेकी उभ्या असायचो. आई भाजायची, मी पुठ्ठ्यानं वारा घालायची आणि लिंबू चोळायची. शाळेत पाढे अडायचे, पण एका वेळी सात कणसं शेगडीवर फिरवताना माझं एकही कधी करपलं नाही.

मालकांनी तळेगावला आयटीआय केलं. फिटर. कंपनीनं त्यांना दोन वर्षांसाठी इकडच्या कारखान्यात पाठवलं आणि बायको-मुलीला न्यायची परवानगी दिली. लग्नानंतरची दहा वर्षं मालक शिफ्टमध्ये आणि मी इंदुरीत. ते घरी आले की पोरगी झोपलेली, पोरगी उठली की ते झोपलेले. बँकॉकला आल्यावर पहिल्यांदा आम्ही तिघं रोज एकत्र जेवायला लागलो. पोरीला नवव्या वर्षी कळलं की बापाला कारलं आवडतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही असे आहात होय!"

एवढं चांगलं चाललेलं असताना माझ्या जिवाला धास्ती मात्र कायम. लिफ्टमध्ये कुणी असलं की मी चढायचे नाही, पुढच्या लिफ्टची वाट बघायचे. पुढच्या लिफ्टमध्येही कुणीतरी असायचंच. पाच महिन्यांत मी एकटी फक्त इमारतीखालच्या दुकानात गेले होते. मीठ आणायला गेले आणि साखर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मीठ आणायला गेले आणि दुसऱ्या कंपनीची साखर घेऊन आले. तिसऱ्यांदा जे आणलं ते मीठही नव्हतं, साखरही नव्हती. ते काय होतं ते अजून कळलेलं नाही, डब्यात भरून ठेवलं आहे.

मग एक दिवस जेवताना मालक म्हणाले, "फुडच्या म्हयन्यापासनं माजी ड्युटी शनिवार-रविवार. सुट्टी मंगळवारी. सहा म्हयनं."

"मग?"

"मग काय मग? पोरीला दोन दिस खोलीत कोंडून ठिवनार का? काल ती गॅलरीतनं खालच्या गाड्या मोजत बसली व्हती."

"मोजू द्या की. गणित पक्कं व्हतंय."

"हसू नको. मला काय झालं, पोरीला काय झालं, तर तू कुनाला गाठनार? तुला मीठ आनता येत न्हाई." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "चार रविवार हायेत. मी शिकवतो. पाचव्या रविवारी तू पोरीला घिऊन एकटीनं लुंपिनीला जायाचं आन परत यायाचं. जमलं तर ऱ्हावा हितं. न्हाई जमलं तर दोघींना इंदुरीला धाडतो, आईकडं. मला तितं कारखान्यात जिवाला घोर नको. मशीन बसवलं की आमी पन आदी ट्रायल घेतोच."

"मी काय मशीन हाय?"

"मशीनसंगट पुस्तक तरी येतं," मालक म्हणाले.

ते रागानं बोलत नव्हते, खरंच घाबरले होते. म्हणून तर मला जास्त भीती वाटली. रागानं धाडलेलं माणूस परत बोलावता येतं, काळजीनं धाडलेल्याला कोण बोलावणार?

पहिल्या रविवारी आम्ही तिघं निघालो. आता सहल म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं, पण ते कणसाच्या गाडीच्या मागून. आमच्याकडं शनिवार-रविवार म्हणजे पब्लिकनं फिरायचं आणि आपण उभं राहायचं. पब्लिक गाडीतून उतरतं, एक पोरगं ओकतं, बाई म्हणते "तरी मी सांगत होते", बाप्या विचारतो "ताई, इथं टॉयलेट कुठंय?" आणि मग सगळे दरीकडं तोंड करून फोटो काढतात. फोटो काढताना आम्हांला सांगतात, "ताई, जरा बाजूला." हे इतक्या वर्षांत अंगात भिनलेलं. बागेत मालकांनी माझा फोटो काढायला मोबाइल वर केला की मी बाजूला व्हायची. ते पुन्हा माझ्याकडं वळवायचे, मी पुन्हा बाजूला. घरी येऊन बघितलं तर अकरा फोटोंत झाडं आणि दोन फोटोंत माझं कोपर.

बागेचं नाव मात्र मला फार आवडलं होतं. लुंपिनी म्हणजे आपली लुंबिनी, बुद्धाचा जन्म झाला ती. आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून, छप्पन सालापासून, बौद्ध धम्म. वडिवळ्याच्या विहारात पौर्णिमेला वंदना व्हायची. ती सगळ्यांकडून म्हणवून घेणारे आबा इतके कडक की कुणाचा एक शब्द चुकला तर सगळ्या पोरांना पहिल्यापासून सुरुवात करायला लावायचे. आठवीपर्यंतचं सगळं विसरले, पण त्रिसरण-पंचशील झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

तर त्या बागेत तळ्याकाठी आम्ही डबा उघडला. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. मालक म्हणाले, "बघ, किती शांत हाय." तेवढ्यात तळ्यातून एक घोरपड वर आली. आमच्याकडं डोंगरात घोरपड दिसते ती हातभर. ही माणसाएवढी होती. जीभ बाहेर काढत ती थेट पिठल्याकडं आली. मी उठले आणि पळाले. पोरीला न घेता पळाले, हे खरं तर लिहायला नको, पण पोरगी गेले वर्षभर सगळ्यांना सांगतेय, तेव्हा लपवून उपयोग नाही.

माझे पाय थांबले ते फाटकाबाहेर, एका कणसाच्या गाडीमागं. पुढं नाही, मागं, जिथं विकणारी उभी असते तिथं. लहानपणापासून काही झालं, कुत्रं अंगावर आलं, बैल उधळला, की मी गाडीमागंच शिरायची. ती जागा अर्थातच दुसरीची होती. ती दुसरी म्हणजे मावशी. ती चिमटा हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघितलं, मग तिच्या शेगडीकडं बघितलं, आणि मला राहवेना. कोळसे मंद झाले होते आणि कोपऱ्यातलं कणीस एका अंगानं काळं पडत होतं. मी पुठ्ठा उचलला आणि वारा घालायला लागले.

मावशीनं पुठ्ठा ओढून घेतला. मी कणीस फिरवलं. तिनं माझ्या हातावर चापट मारली. मग तिनं ते कणीस उचलून उलटसुलट बघितलं, करपलेली बाजू अंगठ्यानं चाचपली आणि पुठ्ठा मला परत दिला.

मालक आणि लेक डबा घेऊन आले तेव्हा माझं जोरात चाललं होतं.

"घोरपडीला भिऊन पळाली," मालक लेकीला म्हणाले, "आन हितं यिऊन धंद्याला लागली."

मावशी कणसाला नारळाच्या दुधात मीठ घालून ब्रशनं लावते. तसं लावलेलं एक तिनं माझ्यापुढं धरलं. मी नको म्हणून मान हलवली. फुकटचं कसं घ्यायचं? तिनं पुन्हा धरलं. मालकांकडं सुटे नव्हते. मला काहीतरी बोलायचं होतं, पण कुठल्या भाषेत बोलणार? माझ्या तोंडून आबांच्या चालीत निघून गेलं, "अदिन्नादाना वेरमणी."

म्हणजे न दिलेलं घेणार नाही. पंचशीलातलं दुसरं.

मावशी थांबली. तिनं डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. मग कणीस दोन्ही हातांत धरलं, वाकली आणि अगदी दान दिल्यासारखं माझ्या ओंजळीत ठेवलं. दिलेलं आहे, घे! तिचं बरोबर होतं. आता न घेऊन मला सुटका नव्हती. आणि लगेच तिनं पुढचं शील म्हटलं, तिच्या उच्चारात, नाकातून, पण शब्द तोच. मी त्याच्या पुढचं. मग आम्ही दोघी हात जोडून पहिल्यापासून म्हणायला लागलो. चार गिऱ्हाईकं पैसे हातात धरून उभी होती. त्यांतल्या एका म्हातारीनं पिशवी खाली ठेवून हात जोडले आणि तीही म्हणायला लागली.

"आई," लेक कुजबुजली, "तुला थाई येतं?"

"मला न्हाई येत," मी म्हटलं. "हितल्यांना आपलं येतं."

तेव्हापासून मावशीचं आणि माझं बोलणं पाच वाक्यांत चालायचं. पाच वाक्यांत किती बोलता येतं हे सांगून खरं वाटणार नाही. घोरपड फाटकापर्यंत आली आणि मी चप्पल उगारली की मावशी ओरडायची, "पाणातिपाता!" म्हणजे जीव घ्यायचा नाही. मालक "पाचच मिन्टांत येतो" म्हणून तासानं आले की आम्ही दोघी मिळून, "मुसावादा!" म्हणजे खोटं बोलायचं नाही. एकदा त्यांनी दुकानाच्या काचेतल्या थंड बिअरकडं नुसतं बघितलं, तर मावशीनं शेगडीपलीकडून दारू नको म्हणणारं पाचवं शील सगळंच्या सगळं म्हटलं, आणि ते सगळ्यांत लांब असतं.

"दोन देशांतल्या बायका एक झाल्यात," मालक म्हणाले. "मानसानं बघायचं तरी कुटं?"

आखूड चड्डी घालून एक बाई पळत गेली होती तिकडं ते बघत होते. व्यभिचार नको म्हणणारं तिसरं शील आम्ही म्हटलं नाही, पण मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि मी मावशीकडं. मालकांनी मान खाली घालून कणीस खाल्लं.

हे सगळं झालं, पण शिकणं काही होत नव्हतं. दुसऱ्या रविवारी मालकांनी मला पुढं घातलं. आमच्या घरापासून वरून जाणारी रेल्वे आहे. तिनं सयाम नावाच्या स्टेशनला जायचं, तिथं उतरून एक जिना खाली जायचं आणि दुसरी गाडी धरायची. एवढंच. मी उतरले, समोरच एक गाडी उभी होती, दारं उघडी, लोक चढत होते. आता कामशेतच्या स्टेशनावर वाढलेल्या बाईला गाडी समोर उभी असताना जिना उतरायला सांगायचं म्हणजे काय? मी पोरीला ओढून चढले. मालकांनी अडवलं नाही, शिकवण्याची पद्धतच ती. गाडी एक स्टेशन गेली आणि संपली. सगळे उतरले. आम्ही तिघंच बसून राहिलो.

"आली का लुंपिनी?" मालकांनी विचारलं.

तिसऱ्या रविवारी मी पुन्हा त्याच गाडीत चढले. या खेपेला लेक आणि मालक दोघंही फलाटावर उभे राहून मला हात हलवत होते, आणि दारं लागली. मी एक स्टेशन जाऊन परत येईपर्यंत दोघांनी आइस्क्रीम खाऊन घेतलं होतं. चौथ्या रविवारी मी जिना उतरले, बरोबर गाडीत चढले आणि आनंदानं इतकी बोलत सुटले की उतरायचं स्टेशन निघून गेलं. घरी आल्यावर मालक मोबाइलवर विमानाची तिकिटं बघत बसले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. ते दोन माणसांचं बघत होते.

पाचव्या रविवारी सकाळी ते कामावर गेले. कारखान्यात मोबाइल कपाटात ठेवायला लागतो, म्हणजे फोन करायची सोय नाही. दारात लेकीला म्हणाले, "आईकडं लक्ष ठिव."

सयामला समोर गाडी उभी होती. दारं उघडी. मी डोळे मिटले, लेकीचा हात धरला आणि जिना उतरले. दुसऱ्या गाडीत तोंडातून शब्द काढला नाही, स्टेशनं बोटांवर मोजली. लुंपिनीचं फाटक दिसलं तेव्हा माझ्या पायांत असं बळ आलं की मी मावशीच्या गाडीकडं जवळजवळ पळतच गेले. मावशीनं माझ्यामागं मालकांना शोधलं. मी बोट हलवलं, नाहीत. एकटी. तिनं चिमटा वर करून टाळी वाजवल्यासारखं केलं.

जरा वेळानं ती लेकीशी काहीतरी बोलली; पोरगी इथल्या शाळेत जाते, तिला थोडं थाई समजायला लागलं होतं. लेक म्हणाली, "कोळसे संपत आलेत, पलीकडच्या गल्लीतून घेऊन येते म्हणतीय. तोवर तू बघशील का?"

बघशील का! मी पदर खोचला.

आणि मला सांगायला हवं, सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कशाची म्हणून भीती वाटत नव्हती. हातात पुठ्ठा, पुढं शेगडी, आठ कणसं फिरतायत. गिऱ्हाईक बोटं दाखवायचं, मी द्यायची. मावशीनं किंमत पुठ्ठ्यावर लिहून ठेवली होती, आकडे तर सगळीकडं सारखेच. तेवढ्यात चार माणसांचं एक कुटुंब येऊन उभं राहिलं. बाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"अहो, बघा ना, ही अगदी आपल्याकडच्यांसारखी दिसते."

"असतात अशा थाय बायका," नवरा म्हणाला. "विचार, हाऊ मच."

माझ्या डब्यात लिंबू होतं, तिखट-मीठ होतं. वीस वर्षांची सवय. मी म्हटलं, "लिंबू-मीठ लावू का ताई? तिखट कमी घालू का जास्त?"

बाई दोन पावलं मागं सरली. "अय्या! मराठी शिकलीय!"

"टुरिस्ट येतात ना आपले," नवरा म्हणाला. "शिकतात बिचारे. उच्चार जरा गावठी आहेत, पण छान बोलते."

मी सांगणार होते, पण शेगडीवर आठ कणसं होती, मागं आणखी तिघं उभे होते, आणि लेक माझा पदर ओढत होती. "आई, मी जाऊ?"

"जा, तिकडं खेळ," मी म्हटलं. "गिऱ्हाईक हाय."

हे वाक्य माझ्या आईनं मला हजार वेळा म्हटलेलं. लोणावळ्याच्या त्या वळणावर पोर कुठंही गेलं तरी शेंगावाली मावशी, चहावाले भाऊ, जीपवाले, सगळ्यांच्या नजरेत असायचं. ते वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मी बँकॉकमध्ये नव्हतेच. मी परत बँकॉकमध्ये आले ती चार-पाच गिऱ्हाईकांनंतर, लेकीला सुटे आणायला सांगावं म्हणून वळले तेव्हा. मागं कुणी नव्हतं.

फाटकात नव्हती. फाटकाच्या आत नव्हती. मी तिला हाक मारली. फाटकातून माणसं येत होती, जात होती, त्यांतलं एकही माझं नव्हतं. माझ्या एका हातात चिमटा होता तो खाली ठेवायचंही मला सुचेना. मला विमानाची तिकिटं दिसली नाहीत, इंदुरी दिसली नाही. मला फक्त ते तळं दिसलं.

मावशी कोळशाची गोणी घेऊन येत होती. मी तिच्यापुढं हात करून पोरीची उंची दाखवली आणि मग हात रिकामा हलवला. तिनं गोणी तिथंच सोडली. ती वळली आणि तो आवाज काढला. फळं कापणारी बाई, रसवाला, मोबाइलची कव्हरं विकणारा, केशरी जाकिटं घातलेले मोटारसायकलवाले, सगळ्यांनी माना वर केल्या आणि सगळे निघाले, जसा जो होता तसा. फळवालीच्या हातात सुरी होती. मी जो भेटेल त्याच्यापुढं हात उंच-खाली करत होते. रखवालदाराला धरलं, सायकलवाल्याला थांबवलं, व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत शिरले आणि त्यांचा व्यायाम बंद पाडला. ते मघाचे गृहस्थही अर्धं कणीस हातात घेऊन माझ्याबरोबर पळत होते. "डोन्ट वरी, मॅडम," ते मला धापा टाकत सांगत होते, "वुई फाइंड, वुई फाइंड."

लेक तळ्याच्या पलीकडच्या काठावर होती. आणखी तीन पोरांबरोबर गवतावर उकिडवी बसलेली. पंधरा पावलांवर ती घोरपड. चौघं मिळून तिचं नाव काय ठेवायचं यावर भांडत होती. मावशीला लेक आधी दिसली. मी पोचले तेव्हा मावशीनं तिचं मनगट धरलेलं होतं, आणि मी दिसल्याबरोबर ती मला बोलायला लागली. किती बोलली! त्यातला एकही शब्द मला येत नव्हता आणि एकही समजायचा राहिला नाही. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. लेक मात्र म्हणत होती, "तूच म्हणालीस ना, जा खेळ!"

मावशीनं गाडी फळवालीवर सोपवली आणि आमच्याबरोबर स्टेशनपर्यंत आली. तिकिटाच्या दारातून ती आतही यायला निघाली. घरापर्यंत सोडते, असं लेकीकडून सांगितलं. मला वाटलं, यावी. फार वाटलं. पण ती घरापर्यंत आली तर मी काय आले? मी तिचे दोन्ही हात धरून नको म्हटलं. ती दारापलीकडं उभी राहिली. जिना चढून वळून बघितलं तरी उभीच होती.

सयामला जिना खाली उतरून आमची गाडी धरली. लेकीचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आई, मला खाज सुटलीय, एक मिनिट सोड." मी तिला दुसऱ्या हातानं खाजवायला सांगितलं.

लिफ्टमध्ये तिनं विचारलं, "बाबांना सांगायचं?"

सांगितलं तर तिकीट. आणि नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? मी चौदा मजले विचार केला.

संध्याकाळी मालक आले, हातपाय धुऊन पाटावर बसले, आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"किती येळ?"

"धा-पंधरा मिन्टं."

"मग गावली कशी?"

मी सांगितलं. मावशी, फळवाली, मोटारसायकलवाले, रखवालदार, म्हातारे.

"येवढ्यांना तू इचारलंस?"

"व्हय."

"कुटल्या भाषेत?"

मला आठवेना. "ठावं न्हाई. मराठीच आसंल."

मालक एकदम म्हणाले, "आन तू कनसं इकलीस? आगं, आपला व्हिसा काय हाय, तुला कळतंय का? पोलिसानं धरलं आसतं म्हंजी?"

"आम्ही आईला सोडवलं असतं," लेक म्हणाली. "पा आणि मी."

ते हसले नाहीत. पण घास तोंडात घातला. "येताना सयामला कुटली गाडी धरली?"

"जिना उतरून."

"खाली?"

"खाली."

त्यांनी पिठल्याची वाटी पुढं ओढली. "फुडच्या रविवारी पोरीचा हात सोडायचा न्हाई," ते म्हणाले. "आन धंदा तर बिलकुल न्हाई."

पुढच्या रविवारी! मी पाठ फिरवून उभी राहिले आणि विनाकारण पातेलं घासायला घेतलं. त्यात अजून पिठलं होतं.

त्याला आता वर्ष होत आलं. त्या सहा महिन्यांत आम्ही मायलेकी दर शनिवार-रविवारी बाहेर पडलो. नदीवरच्या होडीत बसलो, मोठ्या विहारांत गेलो, एकदा चुकून दुसऱ्या गावाला जाऊन आलो. लिफ्टमध्ये माणसं असली तरी आता मी चढते, फक्त श्वास धरून ठेवते. मिठाचं पाकीट कुठलं ते मावशीनं दुकानात येऊन दाखवलं.

मध्यंतरी मी तिला विचारलं होतं, तुझ्यासाठी काय करू? लेकीनं भाषांतर केलं. मावशीनं आधी हात झटकला. मग कोळसे सारखे करत म्हणाली, तिला एकदा बोधगयेला जायचं आहे. तिच्या गल्लीतल्या बायका संघ करून जातात, तिचं दर वेळी राहून जातं. तुझ्या गावाहून बोधगयेला गाडी जाते का?

मी बोधगयेला कधी गेलेली नाही. आपल्याकडच्या रेल्वेनं लोणावळ्याच्या पलीकडं कर्जतपर्यंतच माझी मजल. पण मी तिला हो म्हणून मान हलवली, आणि तेव्हापासून ते माझ्या मनाला लागून राहिलंय. आता ते खरं करायलाच हवं.

म्हणून इथं लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही. मावशीला मी बोधगयेला नेईन. आधी वडिवळ्याला माझ्या आईकडं दोन दिवस, मग पुढं. कामशेतहून कुठल्या गाडीत बसायचं, कुठं उतरायचं, कुठं बदलायचं, मला काहीएक ठाऊक नाही. मी विचारत विचारत जाईन. समोर गाडी उभी असली तरी आधी विचारीन, आणि तिचा हात सोडणार नाही.